किल्लेदाराच्या बायकोचं वाक्य

किल्लेदार मेला होता. त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं आणि प्रेक्षागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले होते. आता तिचं एकच वाक्य उरलं होतं. "रडू नका कुणी. असा वीर शतकात एखादाच होतो." मग पडदा.

दिलेल्या शब्दाखातर किल्लेदाराने दार उघडलं नव्हतं. त्याचा एकुलता एक मुलगा दाराबाहेर हाका मारत मेला होता. नाटक तिच्या खऱ्या नवऱ्याने लिहिलेलं, बसवलेलं त्यानेच, आणि किल्लेदारही तोच. तालमीत ती म्हणाली होती, "अहो, पोराची आई असं बोलेल का?"

"मेलेल्या नायकाला कुणी नावं ठेवतं का, अगं?"

विषय संपला. घरातही विषय असेच संपायचे. लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा "ती मला मेली" म्हणून त्याने कडी लावली आणि आजवर शब्द मोडला नाही. मघाशी, ती विंगेत असताना, नाट्यगृहाचा दारवान तिच्या कानाशी लागला होता. "बाई, ताई आल्यात. कडेवर बाळ आहे. तिकीट आहे, पण सरांनी बजावलंय, आत सोडायचं नाही. बाहेरच उभ्या आहेत."

तिने मांडीवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मिशी एका बाजूने सुटली होती. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मध्ये न बोलता तिचं ऐकून घेणार, असा हा पहिलाच प्रसंग.

"रडा," ती म्हणाली. "पण यांच्यासाठी नको. लढाईला हे कधी भ्याले नाहीत. एक कडी काढायला मात्र भ्याले. लोक काय म्हणतील म्हणून! यांना वीर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझा नवरा भित्रा होता."

विंगेत पडदेवाला दोरी धरून ताटकळला. ठरलेलं वाक्य आल्याशिवाय त्याला पडदा पाडता येत नव्हता. नाकं ओढायची थांबली होती.

किल्लेदाराचा गळा हलला. डोळे मिटलेलेच. मग शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात प्रेत म्हणालं, "पोरीला आत घ्या."

नाटकात मुलगी नव्हतीच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिने त्याचं डोकं उचलून हलकेच फळ्यांवर ठेवलं.

"पडल्या पडल्या हुकूम नका सोडू," ती म्हणाली. "उठा, आणि स्वतः जा."