रविवारचा फोन

"ट्रेलर कशाला आणलाय या गिऱ्हाइकानं?" आर्डिसनं हळूच नवऱ्याला विचारलं. "विमान घेतलं तर उडवत न्यायचं ना?"

"वारा आहे," लाइल म्हणाला.

धावपट्टीच्या टोकाला वारा दाखवणारी काठीवरची कापडी पिशवी मेल्यासारखी लोंबत होती. पण वाऱ्यातलं आर्डिसला काय कळणार? विमान इथं येऊन अकरा वर्षं झाली, तरी ती या गवताळ पट्टीवर पहिल्यांदाच येत होती, आणि तीही लाइल नको नको म्हणत असताना. धूळ असते, उंदीर असतात, असं त्यानं सांगून पाहिलं. ती बधली नाही. विमान डोळ्यांदेखत जाईपर्यंत तिला चैन पडणार नव्हतं. ऐन वेळी लाइलचं मन फिरलं तर?

ते विमान लाइलनं घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. लाकडाचं आणि कापडाचं, एका माणसापुरतं. सात वर्षं खपत होता. आर्डिसचा थोरला भाऊ विमानातून शेतांवर औषध फवारायचा. एक दिवस विजेच्या तारेत अडकला आणि गेला. तरी तिनं लाइलला एकदाही नाही म्हटलं नाही. उलट बजावलं होतं, "माझ्यासाठी सोडलंस तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही."

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी तिनं हसून निरोप दिला. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून बटाटे सोलायला घेतले. लाइल टोपी विसरला म्हणून परत आला, तेव्हा टेबलावर चौदा सोललेले बटाटे होते. घरात माणसं दोन. त्यानं बटाट्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, टोपी घेतली आणि गेला. बाराला फोन आला. "सगळं ठीक आहे. येतो जेवायला."

तेव्हापासून दर रविवारी हेच. चर्चमध्ये प्रवचनातला शब्द कानात शिरायचा नाही. बाराला फोन वाजला की मग कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा. बर्फ पडलं की विमान बंद. मिनेसोटातली सगळी माणसं थंडीला शिव्या घालायची, ही एकटी देवाचे आभार मानायची.

आता लाइल एकाहत्तरचा झाला होता आणि त्याचे गुडघे त्या इवल्याशा जागेत दुमडेनात. जाहिरात त्यानंच दिली. आर्डिसनं 'अरेरे' म्हटलं, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. आनंदानं.

गिऱ्हाईक होतं कर्ट नावाचं, डकोटाकडचं, ट्रॅक्टर दुरुस्त करणारं. तासभर तो पट्टीकडेच्या शेडमध्ये विमानाखाली बॅटरी घेऊन लोळत होता. लाकूड ठोकून पाहिलं, कापड दाबून पाहिलं, इंजिनाचा वाससुद्धा घेतला.

"एकशे बारा तास?"

"इंजिन चाललंय तेवढं. मीटर खोटं बोलत नाही," लाइल म्हणाला.

"आणि उड्डाणांच्या वहीत?"

"तुला फोनवर सांगितलं तेच. शब्दाला शब्द."

कर्टनं पंखाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. आर्डिसला राहवलं नाही.

"एक चिलट चिकटलेलं सापडणार नाही तुम्हाला! फार टापटीप आमचा माणूस."

कर्ट खो खो हसला. "हे मात्र झकास, मिसेस ट्वेटन!" लाइल छपराकडे बघत राहिला. हसण्यासारखं काय होतं ते आर्डिसला कळलं नाही, पण गिऱ्हाईक खुशीत आहे एवढं तिला पुरलं. तिनं रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा पुढे केला. कर्ट तीनदा नको म्हणाला, मग चार खाल्ल्या. माणूस घरंदाज निघाला.

पंख सुटे करून ट्रेलरवर बांधले. लाइलनं विमानाच्या नाकावर थाप मारली, गाईच्या कपाळावर मारतात तशी. "सांभाळ रे," तो म्हणाला. ते विमानाला म्हणाला की कर्टला, कोण जाणे.

ट्रेलर वळणाआड गेला. आर्डिस मटकन गाडीच्या पायरीवर बसली. अकरा वर्षांचं ओझं उतरलं होतं. आता रविवारी फोनकडे बघत बसायला नको, भाऊ आठवायला नको.

"सुटलो बुवा," लाइल म्हणाला.

तिच्या तोंडातलं वाक्य त्यानं कसं म्हटलं याचं तिला नवल वाटलं. पण सुटकेच्या आनंदात तिनं ते सोडून दिलं. घरी जाताना दोघांनी खिडक्या खाली करून, बेसूर का होईना, गाणी म्हटली.

दीड महिना गेला. रविवारी लाइल मागच्या अंगणात टोमॅटोंना पाणी घालत होता. आर्डिसनं मोजून तीन बटाटे सोलले होते. बाराला फोन वाजला आणि जुन्या सवयीनं तिच्या काळजात धस्स झालं.

"मिसेस ट्वेटन, मी कर्ट! लाइलना सांगा, उडालं! पहिल्याच झेपेला, अगदी सरळ, आणि उतरलंही लोण्यावर उतरावं तसं. काय विमान बांधलंय त्यांनी! आणि हा भला माणूस अकरा वर्षं ते नुसतं गवतावर पळवत बसला, चाक एकदाही वर उचललं नाही. मी विचारलं त्यांना, का हो? तर म्हणाले, 'घरात माणसं दोन, आणि बायकोनं बटाटे सोलले होते चौदा.' मला काही उलगडलं नाही, मिसेस ट्वेटन. तुम्हाला कळतंय का काही?"