एका हंड्याला एक बातमी

सरूबाईने पत्र्याची ट्रंक विहिरीच्या कठड्यावर आणून ठेवली आणि जाहीर केलं, "विहीर आटली का मी चालली घोडबंदरला. भाच्याकडं. कायमची."

समोर तुळशीराम नारळाचा प्रसाद घेऊन उभा होता. शाळेच्या भिंतीला आजच नळ आला होता. पेणकरपाड्यातला पहिला नळ, साल एकाहत्तर. संयुक्त पाडा सुधार मंडळाचा अध्यक्ष म्हणून तो घरोघर खोबरं वाटत होता. सरूबाईने खोबरं घेतलं, खाल्लं. नळाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

चहूबाजूंना मिठागरं, त्यामुळे पाड्यातल्या सगळ्या विहिरींचं पाणी मचूळ. गोडी फक्त सरूबाईची. नवरा कधीचा गेलेला, मूलबाळ नाही, पण अंगणात विहीर होती म्हणून ती कधी एकटी नसायची. पाण्याचे पैसे ती घेत नसे. एका हंड्याला एक बातमी घ्यायची. कळशीला अर्धी चालायची. शिळी बातमी ती परत करायची. त्यामुळे ज्यांच्या घरात काही घडत नसे, त्यांना निदान स्वयंपाकापुरतं तरी काहीतरी घडवावं लागे. लवूच्या आईने एका उन्हाळ्यात लवूचं लग्न तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. लवू तेव्हा चौथीत होता.

विहीर दर वैशाखात आटायची. पण तेव्हाही बायका कठड्यावर बसून तळाशी पाणी झिरपायची वाट बघायच्या, आणि बातम्या आगाऊ जमा करायच्या. आता नळ आल्यावर कोण बसणार? नुसतं भेटायला गेलं तर सरूबाई दारातूनच विचारायची, "का आली? मी मेली न्हाय अजून."

सरूबाईला कसं थांबवायचं यावर मंडळाची तातडीची सभा भरली. मंडळ म्हणजे तीन मंडळांची मोट होती: भजनी मंडळ, मिठागर कामगारांचं मंडळ आणि रत्नागिरीकरांचं मंडळ. नळ सोडला तर त्यांचं कशावर एकमत नव्हतं. नळासाठी त्यांनी चार वर्षं ठाण्याला खेटे घातले होते. आता तीच माणसं नळ बंद कसा पाडावा यावर गंभीरपणे बोलत होती. भजनी मंडळाचे बाबाजी म्हणाले, पाणी येतंय अशी तक्रार करू. कामगारांनी मोर्चाची तयारी दाखवली. मोर्चा कोणावर, असं विचारल्यावर ते म्हणाले, निघाल्यावर ठरवू.

मागे बायकांत सुगंधा उभी होती. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती रत्नागिरीहून आली, तेव्हा नवरा दिवसभर गिरणीत आणि ओळखीचं कुत्रंही नाही अशी तिची गत होती. पाड्यात तिच्याशी पहिलं कोणी बोललं असेल तर सरूबाई. तेही हंडा अडवून.

"नळ कशाला बंद करायचा?" सुगंधा म्हणाली. "नळाचं पाणी विहिरीत ओता. विहिरीतून काढा. घरी न्या."

तुळशीरामने थोडा विचार केला. "मग वयनी, विहिरीत ओतायचंच कशाला? थेट नळावरनं घरी…"

"भावजी, तुम्ही प्रसाद वाटा."

ठराव एकमताने पास झाला. मंडळाच्या इतिहासातला तो दुसरा.

नळाला पाणी दुपारी दोनला यायचं आणि सरूबाई त्याच वेळी झोपायची, हे फार सोयीचं झालं. बायका बांगड्या कोपराकडे सरकवून अनवाणी यायच्या. पुरुषही यायचे. भजनी मंडळाला रांगेत चालायची सवय होती, पण मुकाट्याने चालायची नव्हती, म्हणून बाबाजी तोंडात पदराएवढा रुमाल धरून यायचे. लवूच्या आईच्या हंड्याला पोचे पडले होते, तो कठड्याला टेकवला की ठणकायचा. तिला सगळे डोळे वटारायचे.

संध्याकाळी हीच माणसं रिकामे हंडे घेऊन रीतसर पाण्याला यायची आणि बातम्या मोजून द्यायची. पाड्यातली सगळ्यात मोठी बातमी तेवढी कोणी देत नव्हतं.

आज तिथे सात मजली इमारत आहे. पाणी चोवीस तास असतं. शेजारच्या दारावरची पाटी वाचल्याशिवाय कोण राहतं ते कळत नाही.

त्या वर्षी वैशाख सरला तरी विहीर आटली नाही. देवीची कृपा, असं सरूबाई सगळ्यांना सांगू लागली. सगळे गंभीरपणे माना हलवायचे. ट्रंक कठड्यावरच होती. तिच्यावर कोणीतरी पापड वाळत घातले होते.

एका संध्याकाळी सुगंधा सगळ्यांच्या शेवटी आली.

"बातमी?"

"आज काहीच नाही हो, मावशी."

सुगंधाला वाटलं, हंडा परत जाणार. पण सरूबाईने पापड सुपात काढले आणि ट्रंकेचा एक कान धरला. "दुसऱ्या बाजूनं धर. आत ठेवू. पावसात गंजंल."

दोघींनी ट्रंक खाटेखाली सरकवली. सरूबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि सुगंधाचा हंडा स्वतः भरू लागली.

"आज बातमी मी देते," ती म्हणाली. "लवूच्या आईचा हंडा दोन दिस दुपारचा वाजला न्हाय. जाऊन बघ, बरी हाय का ती."