मायोर्कातली आंघोळ

आता तरी सांगून टाक, असं सुधानं स्वतःला बजावलं आणि ती पुन्हा गप्प बसली.

यशवंत वाळूत पडून संत्रं सोलत होता. तिन्ही बाजूंनी कडे, मधे चिमूटभर वाळू आणि तळ दिसावा इतकं शांत पाणी. स्पेनच्या मायोर्का बेटावरची ही जागा त्यानंच हुडकली होती. जर्मनीत आखनला डॉक्टरेटसाठी आल्यापासून ज्यानं रविवारही लॅबबाहेर काढला नव्हता, तो त्रेसष्टच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिकिटं घेऊनच घरी आला. "जरा निवांत राहू," म्हणाला. घरमालकिणीला पत्तासुद्धा देऊ नकोस, अशी ताकीदही दिली. सुधा हरखून गेली होती.

निघताना आखन स्टेशनवर, तिथेच शिकणाऱ्या भास्करनं तिला बाजूला घेतलं. सांगलीत त्याचं घर यशवंतच्या घराला लागूनच. "वहिनी, घरून कळलंय. यशवंतच्या आई गेल्या. मला धीर होत नाही, तुम्हीच सांगा."

अशी बातमी बायकोच्या गळ्यात घालायची ही आपल्याकडची रीतच. आणणारा मोकळा होतो.

आईवेडा म्हणून यशवंतची चार मराठी पोरांत थट्टा व्हायची. आमटीचा भुरका मारला की 'आईच्या हातची चव नाही' हे ठरलेलं. हा माणूस गाडीतच कोसळेल म्हणून सुधा गाडीत बोलली नाही. बोटीवरही नाही. मग वाटलं, दोन दिवस सुखाचे मिळू देत बिचाऱ्याला. तिची मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी गत. सासूबाईंनी तिला लेकीसारखं वागवलं होतं, आणि आता रडायचीही चोरी.

सुतकाची आंघोळसुद्धा राहिली होती. उतरले होते तिथे आंघोळ शनिवारी, तीही मालकिणीला विचारून. शेवटी ती उठली, पातळासकट पाण्यात शिरली आणि नाक धरून डोक्यावरून बुडी मारली. पलीकडची जर्मन पोरं खिदळली. सुधानं पोटभर रडून घेतलं. ओल्या चेहऱ्यावर कोणाला काय कळणार?

"गेली एकदाची पाण्याची भीती!" यशवंत हसला.

तिला राहवेना. ओलेत्यानंच ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, मन घट्ट करा. आपल्या आई गेल्या. निघायच्या दिवशीच मला कळलं होतं. तुमची सुट्टी नासू नये म्हणून बोलले नाही. चुकलं माझं."

यशवंतनं मोठा सुस्कारा सोडला. सुधानं त्याचा हात घट्ट धरला.

"तुझं काय चुकलं?" संत्र्याची फोड तिच्यापुढे करत तो म्हणाला. "आई अत्यवस्थ आहे, सारखं तुझं नाव घेतेय, अशी तार आली, त्याच संध्याकाळी मी ही तिकिटं काढली. आखनमध्ये सापडलो असतो, तर जावंच लागलं असतं."