नादकाटा

“औषध कर्करोगाला मारतं तसं कानांनाही, कमी ऐकू आलं तर बंद करू,” असं डॉक्टरांनी बजावल्यापासून लेक व्हायोलिनवादक बापाची रोज परीक्षा घ्यायची. नादकाटा, सूर जुळवायचा तो दोन दांड्यांचा पोलादी काटा, गुडघ्यावर आपटून त्याच्या कानामागे धरायची. नाद विरला की त्याने बोट उचलायचं. आज महोत्सवात, मंचामागच्या खोलीतही तेच. पण तो तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघत होता. नाद विरल्याचं तो आपल्या चेहऱ्यावरून ओळखतोय, अशी तिला शंका आली. चेहरा कोरा ठेवून तिने काटा चिमटीत दाबला. नाद मेला. “अजून आहे,” तो म्हणाला. “बाबा, खरं बोल.” “डॉक्टरांना सांग, म्हाताऱ्याचे कान मांजराचे.” तो हसला, मग हळूच म्हणाला, “औषध थांबलं तर मी मरेन गं.” बाहेर त्याचं नाव पुकारलं गेलं. आजवर कुणाला खुंट्यांना हात लावू न देणाऱ्या बापाने व्हायोलिन तिच्यापुढे धरलं. “दार ओढून घे. तारा तू सुरात लाव.”