मावशी घ्यायला आली

अर्ध्या रस्त्यात आल्यावर मावशीच्या लक्षात आलं, की फोन घरीच चार्जिंगला राहिलाय. परत जावं तर भाचीचा पोहण्याचा क्लास सुटणार. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर ताई काय काय म्हणेल, हे तिला तोंडपाठ होतं. ती तशीच पुढे पळत सुटली.

धांदरटपणात तिचा हात धरणारं घराण्यात दुसरं कुणी नव्हतं. नोकरी गेली ती त्यामुळेच. तिच्या मते मात्र साहेबाच्या खडूसपणामुळे. नवी मिळेपर्यंत ताईकडे राहायचं ठरलं होतं आणि ताईने काल तिला बॅगही खाली ठेवू न देता बजावलं होतं, "सुट्टीत पोरीला सांभाळशील, बाहेरची कामं उरकशील, तर खुशाल राहा. पण तुझ्याही मागे मलाच धावावं लागणार असेल, तर सरळ बाबांकडे परत जा. मला एकच मूल झेपतं."

बाबांकडे जायचं म्हणजे दोन्ही वेळच्या जेवणासोबत बोलणी खायची. त्यापेक्षा धावलेलं बरं.

भाचीला तिने पाहिलं होतं ते रांगताना. काल ती पोचली तेव्हा पोरगी डोक्यावरून पांघरूण ओढून झोपलेली. सकाळी मावशीचे डोळे धड उघडायच्या आत ताई पोरीला घेऊन निघालीसुद्धा. तलावावर सोडून पुढे ऑफिस. जाता जाता दारातून सूचनांची सरबत्ती झाली: पोरीची टोपी केशरी आहे, लाजाळू आहे, आपणहून बोलायची नाही, दुकानात नेलं की रडून गोंधळ घालते. येताना दुरुस्तीला दिलेल्या चपला, माझा दुसरा चष्मा आणि इस्त्रीचे कपडे. मी जेवायला येईन, त्याआधी घरी या.

तलावावर शुकशुकाट होता. मावशी फाटकाकडे धावली.

"पंप बिघडला, क्लास लवकर सोडला," रखवालदार कुलूप हातात घेऊनच उभा होता. "घरोघरी फोन केले. ही एवढीच राहिलीय."

बाकावर एक मुलगी बसली होती. डोक्यावर केशरी टोपी, मांडीवर ओला टॉवेल, गळ्यात दोरीला बांधलेली किल्ली. मावशीचा जीव भांड्यात पडला. ताई मीटिंगमध्ये असणार, तिने फोन घेतलाच नसणार. वाचले!

"सॉरी हं पिल्लू! मी मावशी. चल, घरी जायचं."

मुलीने मागे वळून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "घरी?"

"हो, पण वाटेत थोडी कामं आहेत. कंटाळा करायचा नाही."

"नाही करणार," मुलगी म्हणाली आणि पिशवी खांद्याला अडकवून उभी राहिली.

चपलांच्या दुकानाची गल्ली मावशीला सापडेना. ती एकाच चौकात दोनदा गोल फिरली तेव्हा मुलगीच म्हणाली, "इकडून जवळ पडतं."

"तुला गं कसं माहीत?"

"मी जाते ना इकडून."

ताईने पोरीला चांगलंच तयार केलंय, मावशीला कौतुक वाटलं. चपला मिळाल्या. चष्म्याच्या दुकानात मात्र काच अजून बसायची होती. मावशी घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालू लागली. ताई निघाली असेल का? जेवण गरम करायचंय. चष्मा तसाच सोडून जावं का?

"तुम्ही बसा," मुलगी म्हणाली. "झालं की मी सांगते."

"अगं, मावशीला कुणी अहो-जाहो करतं का? तू म्हण."

मुलगी खुदकन हसली. रडणं-बिडणं तर दूरच, तिने इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठाही मागून घेतला. पोरं सांभाळायची कला आपल्या अंगात जन्मजात होती, नोकरीत उगाच वाया गेली, असं मावशीला वाटू लागलं. रस्ता ओलांडताना मुलीने तिचं बोट धरलं आणि पलीकडे गेल्यावरही सोडलं नाही.

"सुट्टीत दुपारी काय करतेस गं?"

"टीव्ही लावते. घरात आवाज असला की बरं वाटतं."

मावशीला आतून भरून आलं. ताई दिवसभर ऑफिसात, पोर बिचारी टीव्हीपुढे. बरं झालं आपण आलो. आता ताईने हाकललं तरी जायचं नाही.

जिना चढताना तिने मनातल्या मनात सगळं मोजून पाहिलं. चपला, चष्मा, कपडे, पोरगी. एक गोष्ट विसरली असेल तर शपथ! बेल दाबताना तिची मान ताठ झाली होती.

ताईने दार उघडलं. "फोन घरी टाकून कुठे हिंडत होतीस? क्लास लवकर सुटला म्हणून मला धावत जाऊन हिला आणावं लागलं!"

तिच्या मागून एका मुलीने डोकं बाहेर काढलं. केशरी टोपी अजून डोक्यावरच होती.

"आणि ही कोण?" ताईने विचारलं.

मावशी गर्रकन मुलीकडे वळली. दुसऱ्याची पोर आपण भर दिवसा गावभर फिरवली! बाबांकडे परत जाणं आता चुकत नव्हतं, पण ते सुचायलाही तिला अवकाश नव्हता. ती मुलीपुढे खाली बसली.

"मी तुझी मावशी नाही, हे तुला माहीत होतं ना? मग बोलली का नाहीस गं?"

मुलीने कपड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.

"मला घ्यायला कधीच कुणी येत नाही," ती म्हणाली. "आज तू आलीस, मग नाही कशाला म्हणू?"