मृताचे नाव

'मृताचे नाव' हा रकाना काही केल्या रिकामा होत नव्हता. सविताने नुकत्याच आलेल्या फोनची नोंद जतन केली, नवा फॉर्म उघडला, आणि त्यात आधीचंच नाव ठाण मांडून बसलेलं.

"बघा," ती म्हणाली. "दर वेळी असंच. मी घाईत यजमानाचं नाव बदलते आणि हे तसंच राहून जातं."

फॉर्म दुरुस्त करायला आलेल्या विहंगने बघितलं. दिनेश नारायण. त्याने ते दोनदा वाचलं आणि खुर्ची पुढे ओढली.

पंचवटीतल्या ढुंढिराज गुरुजींकडे हा फॉर्म येऊन तीन महिने झाले होते. फोनवर ठरलेल्या विधींची माहिती त्यांची सून सविता त्यात भरायची. कालच निफाडच्या एका कुटुंबाच्या विधीच्या चिठ्ठीवर भलत्याच घरातला मृत छापला गेला, आणि ऐन संकल्पात त्यांची म्हातारी रडत उठून गेली. गुरुजींनी फॉर्म बनवणाऱ्या सुरतच्या कंपनीला फोनवर असं काही फैलावर घेतलं की दुसऱ्याच दिवशी विहंग दारात. एरवी तो नाशिकचं काम कधी घेत नसे. या वेळी दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

"उद्याच्या चिठ्ठ्या पाचला छापायच्या," गुरुजी आतून म्हणाले. "जिवंत माणसाचा विधी माझ्या हातून झाला ना, तर हे खोकं गोदावरीत फेकेन."

साडेतीन वाजून गेले होते.

मॉनिटरवर टाकलेला जुन्या पैठणीचा तुकडा विहंगने आल्या आल्या उलटा करून बघितला होता. "हातमागाची," एवढंच म्हणाला आणि नीट घडी घालून बाजूला ठेवला होता.

"हा फॉर्म पर्ल भाषेत लिहिलाय, तिची ही सवयच आहे," तो आता म्हणाला. "फॉर्म परत दाखवताना आधी भरलेलं तेच पुन्हा भरून देते. विसर म्हणून सांगावं लागतं."

"विहंग नाव किती छान आहे हो. कोणी ठेवलं?"

"माझं मीच."

सविता हसली. सुरतेकडची माणसं मोठी गमतीची, असं तिला वाटलं.

तो ओळी शोधत राहिला. सविताला गप्प बसवत नव्हतं.

"या दिनेश नारायणचा विधी उद्या सकाळी सातला आहे. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला, की पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. मग घरच्यांच्या लेखी तो गेला. येवल्याच्या वत्सलाबाई आहेत. मुलगा बापाशी भांडून मागावरून उठला, तो परत आलाच नाही. बाप दिवाळीत वारला. पोराला गती द्या, असं सांगून गेला म्हणे."

विहंगची बोटं थांबली.

"दिवाळीत?"

"हो. का हो?"

"काही नाही."

सव्वाचारला त्याने ती एक ओळ बदलली. सविताने क, ख, ग असं काहीतरी भरून जतन केलं. नवा फॉर्म कोरा. पुन्हा भरलं. पुन्हा कोरा.

"बाबा, झालं!" ती ओरडली.

पण विहंग उठला नाही.

"ती उद्या सातची नोंदही चुकलेली आहे. काढून टाका."

"ती कशी चुकेल? बाईंना एकेक अक्षर विचारून भरलीय मी."

"मशीनची चूक आहे म्हणतो ना!" त्याचा आवाज चढला. "मी काढतो." त्याने माउस हातात घेतलासुद्धा.

"हात काढा," गुरुजी दारात उभे होते. "यजमानाच्या तोंडून आल्याशिवाय मी नाव घालत नाही आणि काढतही नाही. सविता, येवल्याला फोन लाव. चूक यांच्या यंत्राची आहे ना? मग यांनाच सांगू दे त्या माउलीला."

"मला नका सांगू बोलायला," विहंग म्हणाला.

"मग नाव राहील. उद्या सातला अग्नी."

पावणेपाच झाले होते. विहंगच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्याशा चुकीपायी बिचाऱ्याची नोकरी जाणार, म्हणून सविताला मनापासून वाईट वाटलं. तिने नंबर फिरवला. चार वेळा घंटा वाजली. पाचव्या घंटेला फोन उचलला गेला, तसा तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"हॅलो? कोन हाय?" पलीकडून थकलेला आवाज आला.

पलीकडून पुन्हा तोच प्रश्न. आधी नाव सांगा, अशी सविताने खूण केली.

"आई," तो म्हणाला, "दिन्या बोलतोय."