आधी लाइनवर कोण?

"आधी मुथांना लाइनवर घ्या, मगच मला जोडा," खानविलकरांनी पुण्याहून फर्मावलं. "मी ताटकळत बसणार नाही."

"हो सर," म्हणत नीलांबरीने इस्लामपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात कुकरखालचा गॅस बारीक केला आणि नाशिकला मुथांना फोन लावला. घरबसल्या साहेबलोकांचे फोन, मेल आणि भेटीगाठी सांभाळणं हाच तिचा व्यवसाय. खानविलकरांची असिस्टंट तीच आणि मुथांचीही तीच. समोरच्याची असिस्टंट कोण, हे दोघांपैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं.

"आधी ते येऊ देत लाइनवर," मुथा गुरगुरले. "गरज त्यांना आहे."

गरज दोघांनाही होती. खानविलकरांचे पंप मोटारींवाचून अडले होते आणि मुथांच्या मोटारी गोदामात धूळ खात पडल्या होत्या. पण आधी जो 'हॅलो' म्हणेल तो लहान! आठवडाभर हेच चाललं होतं.

आज नीलांबरीचं डोकं फिरलं. "सर, ते केव्हाचे लाइनवर ताटकळलेत," असं तिने दोघांनाही सांगितलं आणि फोन जोडून दिला. भात होईपर्यंत सौदा ठरला.

लगेच खानविलकरांचा फोन आला. "आणलंत की नाही त्याला आधी लाइनवर! त्याची असिस्टंट अगदीच बावळट दिसते हो."

"ती बिचारी काय करणार, सर? साहेबच तसे भेटलेत तिला."

खानविलकर खदखदून हसले.

मग मुथांचा फोन आला. त्यांचंही तेच म्हणणं होतं. नीलांबरीने त्यांनाही तेच उत्तर दिलं.

तेही तितकेच हसले.